अळणी ताट आणि सेव्हरीचा वाफा

७ मार्च, मंगळवार

काल सकाळी झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी जसंच्या तसं. घेवडा हललेला नाही, बटाटा हललेला नाही. पावाचा एक कोपरा तेवढा कुरतडलेला, जणू मी उंदराला जेवायला बोलावलं होतं.

"बाबा, जेवला का नाहीत?"

"जेवलो की."

मी ताट त्यांच्या नाकासमोर धरलं. सासरेबुवांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हं."

दवाखान्यातून घरी आणल्यापासून हे असंच चाललंय. हृदय दमलंय, अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मीठ जवळजवळ बंद केलं. मीठ गेलं आणि त्यासोबत बोलणंही गेलं. या माणसानं उभा जन्म सलून चालवलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून त्याला गप्प करायचं आणि आपण बोलत सुटायचं, हा खाक्या. तोच माणूस आता खिडकीशी मिठाची गुळणी धरून बसतो. मीठ नाही, पण गुळणी आहे!

मी काय करायचं राहिलंय? नवरा छापखान्यात रात्रपाळीला, तो दिवसभर घोरत असतो. मी चष्म्याच्या दुकानात, सकाळी निघते ती दिवेलागणीला घरी. ताट करून ठेवते, पाणी ठेवते, गोळ्या डबीत मोजून ठेवते. आता घास पण चावून ठेवू का?

हे दुकानाच्या मागच्या खोलीत लिहितेय, डबा खाऊन झाल्यावर. घरी लिहायला बसले तर चौघं विचारतील काय लिहितेस. घरात आम्ही तिघंच आहोत, पण विचारतील चौघांसारखं.

आज त्या बागवाल्या बाई आल्या होत्या. माती उकरताना त्यांच्या चष्म्याची काडी दर महिन्याला मोडते. स्क्रू बसवता बसवता मी त्यांच्यापाशी रडगाणं गायले. त्या म्हणाल्या, "अहो, सेव्हरी लावा! मिरीसारखी झणझणीत, वास जरा ओव्याच्या वळणाचा. घेवड्यात घातली की मिठाची आठवण होत नाही माणसाला." डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, पालाच आहे, खुशाल घाला, पण त्यांना जेववा.

जेववा म्हणे. सांगायला काय जातं.

१३ मार्च, सोमवार

काल बी पेरलं. बी कसलं, धूळ! आमच्या दुकानात काच घासल्यावर खाली पडते तसली. शिंकले असते तर अख्खी बाग शेजारी उगवली असती.

मागच्या दाराबाहेर भिंतीलगत पट्टा आहे, ऊन चांगलं येतं. दगड वेचले, माती भुसभुशीत केली, ओळी पाडल्या, बी टाकलं, वर छान बोटभर माती लोटली. कंबर मोडली. सासरे खिडकीतून बघत होते.

"काय लावतेस?"

"सेव्हरी."

"सावरी?"

"सेव्हरी, बाबा. से-व्ह-री."

"तेच म्हणतोय मी. सावरी."

दवाखान्यातून आल्यापासून सलग बोललेलं एवढंच, तेही चुकीचं.

२९ मार्च, बुधवार

काही उगवलेलं नाही. म्हणजे उगवलंय भरपूर, पण ते गवत आहे. त्याला मी तीन दिवस प्रेमानं पाणी घातलं.

बागवाल्या बाई आज फ्रेम ढिली झाली म्हणून आल्या. माझी कर्मकहाणी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "मातीखाली पुरलंत? अहो, त्या बियांना उजेड लागतो! नुसतं वर टाकायचं आणि तळव्यानं दाबायचं. पाकिटावर लिहिलंय की."

लिहिलंय खरं, मुंगीच्या अक्षरात. दिवसभर मी लोकांना विचारते, "खालची ओळ वाचता येते का?" आणि माझीच खालची ओळ राहिली वाचायची.

नणंदेचा फोन आला होता. "वहिनी, बाबांचा आवाज किती खोल गेलाय गं. जेवायला घालतेस ना?" मी म्हटलं, "नाही ताई, त्यांना बांधून ठेवते आणि त्यांच्यासमोर आपण खाते." मग नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

८ एप्रिल, शनिवार

उगवली! दुसऱ्यांदा पेरलेली, या वेळी नुसती वर टाकून दाबलेली. हिरवे ठिपके. नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली. तो म्हणाला, "कुठाय?" मी म्हटलं, सोमवारी दुकानात ये, नंबर तपासते.

११ एप्रिल, मंगळवार

सगळी मेली.

काल सकाळपर्यंत उभी होती, संध्याकाळी बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. देठ मुळाशी कुजलेले. मी म्हटलं, मी तर सकाळी जेमतेम शिंपडलं होतं. नवरा म्हणाला, "मी पण घातलं ना, पहाटे कामावरून आल्यावर. तुला मदत." तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "दुपारी कोणी घालत नाही, म्हणून मी एक तांब्या घालायचो."

तीन तिघाडा, काम बिघाडा. ज्याला काही सांगायला जावं त्यालाच इथं मदत करायची हुक्की येते. मी दोघांना बजावलं, यापुढे बागेत कुणी पाऊल टाकायचं नाही. नवऱ्याला सुटल्यासारखं वाटलं. सासऱ्यांचा चेहरा का पडला कोण जाणे. त्यांना कुठे बागेची हौस होती!

तिसऱ्यांदा पेरणार आहे. आता हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे.

२ मे, मंगळवार

लिहायला उशीर झाला, पण हे लिहायलाच हवं. यश!

तिसरं बी नीट आलंय. फार दाट झालं होतं, म्हणून रविवारी विरळणी करायला बसले. रोपं इतकी चिमुकली की बोटांत धरवत नाहीत. दुकानातला, चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या बसवायचा चिमटा आणला होता. सासऱ्यांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना राहवेना. "अगं, असं ओढू नकोस, शेजारचं हलतं. मुळाशी कात्री चालव." मी म्हटलं, मग या बाहेर आणि सांगा. ते आले, खुर्ची घेऊन. हात लावायचा नाही या अटीवर बसले आणि सुरू झाले: हे काप, ते ठेव, त्याला भांग पाड. एका नवरदेवाची अर्धी मिशी ऐन लग्नाच्या दिवशी कशी उडाली आणि उरलेली अर्धी जुळवता जुळवता तो शेवटी सफाचट कसा होऊन बोहल्यावर उभा राहिला, ते सगळं साग्रसंगीत ऐकवलं. मला माहीत होतं ते, पण दरवेळी मिशी वेगळ्या बाजूची असते.

त्या गडबडीत जेवायला उशीर झाला. आत टेबल लावायचा कंटाळा आला, म्हणून दोघांची ताटं पायरीवरच आणली. कापलेली रोपं धुऊन त्यांच्या घेवड्यावर टाकली होती. काय सांगू, ताट चाटूनपुसून साफ! वर पाव मागितला!

चिमूटभर पाल्याची ही जादू. बागवाल्या बाईंना आज चष्म्याची दोरी फुकट दिली.

५ मे, शुक्रवार

मंगळवार, बुधवार, गुरुवार: ताट परत. तोच घेवडा, तोच पाला, वाफ्यातून ताजा खुडून घातलेला. पालथ्या घड्यावर पाणी.

बहुतेक झाकून ठेवल्यानं वास उडत असेल. उद्यापासून पाला दुप्पट.

१८ मे, गुरुवार

दुप्पट केला, चौपट केला. रोपं आता वीतभर झालीत, त्यामुळे हात सैल सुटलाय. काल संध्याकाळी सासरे म्हणाले, "सूनबाई, घेवड्यात पाला घातलास की पाल्यात घेवडा?"

मी स्वतः चाखून पाहिलं. जीभ बधिर झाली. बरोबर होतं त्यांचं, पण मी कबूल केलं नाही.

मला एक कळत नाही. मागच्या रविवारी आम्ही तिघं एकत्र जेवलो तेव्हा तोच पाला त्यांनी मिटक्या मारत खाल्ला. त्याआधी सोमवारी दुकान बंद होतं, मी घरी होते, त्या दिवशीही खाल्ला. कामाच्या दिवशी मात्र चालत नाही. सुट्टीला चालतो आणि कामाच्या दिवशी चालत नाही, असा कसा पाला? पाकिटावर तर असं काही लिहिलेलं नाही. खालच्या ओळीपर्यंत वाचलंय या वेळी.

बहुतेक सुट्टीच्या दिवशी मी पाला सावकाश चिरते. घाईत चिरला की रस जात असणार.

२३ मे, मंगळवार

चोर सापडला!

खुर्चीची गादी झटकायला उचलली, तर खाली खाऱ्या दाण्यांच्या पुड्या. खाऱ्या! मी इथे पाल्याची आराधना करतेय आणि हे गादीखाली मिठागर घेऊन बसलेत.

"हे काय आहे, बाबा?"

"दाणे."

"कुठून आणले?"

"कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून."

"तुम्ही कोपऱ्यापर्यंत चालत जाता? दुपारी? एकटे? कशाला?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "तिथं बाक आहे. काही घेतल्याशिवाय बसू देत नाही तो."

ऐका! बाक म्हणे! बसायला घरात चार खुर्च्या आहेत, सोफा आहे, पलंग आहे. मी पुड्या मोजल्याही नाहीत, तावातावानं कचऱ्यात टाकल्या. एकही फोडलेली नव्हती. म्हणजे साठा करून ठेवायचा बेत होता!

नवरा म्हणाला, "अगं, फोडलेल्या नाहीत म्हणजे खाल्लेले नाहीत ना?" मी म्हटलं, तू झोप.

१ जून, गुरुवार

काल डॉक्टरीणबाईंनी माझी बिनपाण्यानं हजामत केली. सासऱ्यांचं वजन आणखी उतरलंय. औषधं उपाशी पोटी लागू पडत नाहीत, अशानं पुन्हा भरती करावं लागेल, तुम्ही लक्ष देत नाही का? सासरे शेजारी बसून भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. परतताना रिक्षात माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुला उगाच बोलल्या त्या." मी खूप चिडलेली होते. डोळ्यांत धूळ गेली होती.

नवऱ्यानं सगळं बहिणीला सांगून टाकलं. ताकास तूर लागू देऊ नकोस म्हटलं होतं! लगेच फोन. रविवारी, अकरा तारखेला, ती येणार आणि बाबांना आपल्याकडे घेऊन जाणार. खोली तयार आहे, तिसरा मजला, मोठा टीव्ही.

जाऊ देत. माझ्या डोक्यावरचा भार उतरेल. सकाळी निवांत चहा पिता येईल.

पण तिला वाटेल मी हरले. तसं मी होऊ देणार नाही. वाफा आता असा फोफावलाय की भिंत दिसत नाही. फांद्या लांब होऊन जरा लोळायला लागल्यात, पण वास असा की मागचं दार उघडलं की नाक जागं होतं. रविवारी तिला असं जेवण घालीन आणि तिच्या देखत बाबा असं जेवतील, की ती तोंडात बोट घालेल.

१० जून, शनिवार. घरी, स्वयंपाकघरात

वही घरीच काढलीय. रागानं.

दुकानातून आले. उद्याचा घेवडा भिजत घातला. परात घेऊन सेव्हरी खुडायला मागचं दार उघडलं. वाफाच नाही. वाफा आहे, पण त्यावर काही नाही. जमिनीलगत नुसते खुंट, सगळे एका उंचीचे, सरळ रेषेत, बाजू बारीक केलेल्या. शेजारी खुर्ची. खुर्चीत सासरेबुवा, मांडीवर पांढरा टॉवेल, हातात त्यांची जुनी कात्री.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाच्या मागे आरसा धरून विचारावं तसं.

मी परात तशीच धरून उभी.

"फार वाढली होती गं. कपाळावर येत होती. उद्या पाहुणे येणार म्हणून म्हटलं जरा नीटनेटकी करू. आधी थोडीच कापली, मग डावी बाजू उजवीशी जुळेना."

"कापलेलं कुठाय?" मी विचारलं. म्हटलं, निदान तेवढं वाळवता येईल.

"झाडून काढलं. कापलेलं खाली ठेवायचं नसतं, पायात येतं."

"टाकलं कुठे, बाबा?"

"कचऱ्याची गाडी आली होती ना. मीच नेऊन दिलं." आणि वर अभिमानानं, "पिशवी बांधून."

मार्चपासून! मार्चपासून राबतेय मी! नाकी नऊ आले, तीनदा पेरलं, जगाचं ऐकून घेतलं. मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "उद्या जा तुम्ही ताईंबरोबर. सुटले मी!"

ते उठले. कात्री टॉवेलला पुसली, टॉवेलची घडी घातली आणि आत गेले. दार लावलं नाही. आदळलं तरी असतं तर बरं वाटलं असतं.

१२ जून, सोमवार

काल नणंद आली, रिकामी मोठी बॅग घेऊन. बाबांचे कपडे भरायला.

मी कुणाशी बोलत नव्हते. घेवडा शिजवला. लसूण, लिंबू, मिरपूड, बस. पाला नाही, मीठ नाही, उत्साह नाही. नवऱ्याला उठवून टेबलाशी आणलं. चौघं बसलो. मी मनात म्हटलं, आता बाबा ताट बाजूला सरकवणार आणि ताई माझ्याकडे बघणार.

ताईच म्हणाल्या, "वहिनी, ती तुझी झाडं कुठायत? फोनवर इतकं कौतुक ऐकलं."

मी सासऱ्यांकडे बोट केलं. म्हटलं, "विचारा त्यांनाच."

त्यांनी घसा साफ केला. आणि मग सुरू! आधी झाडानं त्यांच्याकडे कसं केविलवाणं पाहिलं, मग डावी बाजू, मग उजवी, मग पुन्हा डावी, मग मी दारात परात घेऊन उभी, आणि माझा चेहरा कसा, तर अर्धी मिशी गेलेल्या नवरदेवासारखा. उठून करून दाखवलं त्यांनी! परात म्हणून स्वतःचंच ताट धरलं. ताईंना ठसका लागला. नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. मी हसणार नव्हते. मी ठरवलं होतं. पण ओठ आपल्या हातात नसतात.

आणि हे सगळं चालू असताना ते जेवत होते. घास, वाक्य, घास, वाक्य. दुसऱ्यांदा घेवडा घेतला. पावानं ताट पुसलं.

ताईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "वहिनी, खरं सांग. मीठ घातलंस ना? मी कुणाला सांगणार नाही."

असं वाटलं, हिला बॅगेत भरावं आणि चेन लावावी. मी पातेलं तिच्या तोंडाशी धरलं. तिनं चाखलं आणि चमचा खाली ठेवला.

बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, निघायचं ना?"

"तुझ्याकडे दुपारी कोण असतं गं?"

"दुपारी? दुपारी आम्ही दोघं कामावर. पण टीव्ही मोठा आहे."

"मग राहू दे," ते म्हणाले. "इथं निदान संध्याकाळी हिला चिडवता येतं."

एवढीच माझी किंमत या घरात! ताई रिकामी बॅग घेऊन गेल्या. जाताना मला मिठी मारली, कशाबद्दल ते सांगितलं नाही. मी सासऱ्यांना म्हटलं, "शनिवारी मी जास्तच बोलले." ते म्हणाले, "कधी? मी ऐकलं नाही. कात्रीचा आवाज होता."

मला अजून उलगडा झालेला नाही. पाला नव्हता. मग खाल्लं कसं? बहुतेक पातेल्याला वास लागून राहिला असेल.

१३ जून, मंगळवार

बागवाल्या बाईंनी आणखी बी दिलं. चौथी पेरणी! पण या खेपेला मी पहारा ठेवणार. उगवेपर्यंत माती वाळता कामा नये, पावसाचा अजून पत्ता नाही आणि दुपारचं ऊन कडक आहे. सासऱ्यांवर सोपवावं तर तांब्या आणि कात्री दोन्ही त्यांना माहीत झालंय. मालकांना सांगून टाकलंय, काही दिवस मी दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन येईन. चालत फार लांब नाही. डबा वागवत कुठे फिरू, घरीच जेवीन.

आता या वहीला वेळ मिळणार नाही. सगळा त्रास त्या मूठभर पाल्यासाठी.

२५ जुलै, मंगळवार

आज रजा आहे, म्हणून लिहितेय. सकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. सासऱ्यांचं वजन वाढलंय, तेही पाण्यानं नाही. पायांची सूज उतरली. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "काहीच नाही. पाला तर अजून उगवतोय." त्या माझ्याकडे बघून हसल्या. डॉक्टर असून हसतात.

घरी येऊन दोघं जेवलो. रोपं वीतभर झालीत, देठ टणक झालेत, पावसानं दडी मारली तरी आता त्यांना चालतं. तसं मी म्हटलंही, "उद्यापासून दुपारी यायची गरज नाही मला. सुटली एकदाची उन्हापावसातली ये-जा."

सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. उठले, मागच्या दाराशी गेले, वाफ्याकडे बराच वेळ बघत राहिले. परत येऊन बसले.

"नाही गं," म्हणाले. "अजून नाजूक आहेत. इतक्यात एकटं सोडून नाही चालायचं."

"किती दिवस?"

"ते काय सांगता येतं? बघू, जमेल तितके."

झाडांतलं यांना काय कळतं, ते मी जूनमध्ये पाहिलंय! पण जेवताना वाद कोण घालणार? म्हटलं, बरं, येत जाईन. तेव्हा कुठे त्यांनी घास उचलला, आणि मग मीही माझं ताट पुढे ओढलं.